वेकसर्फिंग: मुलाला शिकवण्याआधी बोटीवरच्यांना शिकवा

अमेरिकेतल्या मिनेसोटात मे महिना उलटला की आमच्या ओळखीच्या मराठी घरांमधून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागतो: मूल सहा-सात वर्षांचे आहे, पोहायला शिकते आहे, त्याला तुमच्या बोटीमागे लाटेवर उभे करता येईल का? लेक मिनेटोंकावर शेजारच्या एका कुटुंबाबरोबर भागीदारीत आमची बोट आहे, माझी दोन्ही मुले याच तलावावर वेकसर्फिंग शिकली आणि त्यानंतर मित्रमंडळींची मुलेही एकेक करून शिकत गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविक आहे. उत्तर देताना मी मुलाच्या वयापासून सुरुवात करत नाही. बोट कोणती आहे, ती चालवणार कोण आणि मागे पाहत बसणार कोण, हे तीन प्रश्न मी आधी विचारते. या खेळात लहान मुलाची सुरक्षितता त्याच्या अंगच्या कौशल्यावर फार थोडी अवलंबून असते; ती जवळजवळ सगळी बोटीवरच्या मोठ्या माणसांच्या हातात असते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. वॉटर स्कीइंगमध्ये बोट माणसाला दोराने सतत ओढत राहते आणि तिचा वेगही बराच असतो. वेकसर्फिंगमध्ये दोर लागतो तो उभे राहण्यापुरता. बोटीत पाण्याच्या मोठ्या पिशव्या भरून तिचे वजन वाढवतात, ती मुद्दाम संथ, ताशी 16 ते 19 किलोमीटर वेगाने चालवतात, आणि मग तिच्या मागे इतकी भरीव लाट उठते की दोर सोडला तरी बोर्डवरचा माणूस त्या लाटेच्या उतारावरून पुढे सरकत राहतो. मिनेसोटाला अशा खेळांचे वेड जुनेच आहे. 1922 साली राल्फ सॅम्युएल्सन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा याच राज्यातल्या लेक पेपिनवर पायांना फळ्या बांधून पाण्यावर उभा राहिला आणि वॉटर स्कीइंगचा आरंभ तिथूनच मानला जातो. वेकसर्फिंगमध्ये वेग कमी असतो, पडल्यावर फारसे लागत नाही आणि पाय बोर्डला बांधलेले नसतात, त्यामुळे लहान मुलांना ते खरोखरच सोपे जाते. मात्र स्कीवरचा माणूस बोटीपासून वीस मीटरहून अधिक अंतरावर असतो, तर लाटेवर सरकणारे मूल अवघ्या दोन-तीन मीटरवर येऊ शकते. या खेळातले बहुतेक सगळे गंभीर धोके त्या जवळिकीतून येतात.

पहिला धोका पंख्याचा आहे आणि तिथे तडजोडीला जागा नाही. वेकसर्फिंग इनबोर्ड बोटीमागेच करावे, म्हणजे जिचे इंजिन बोटीच्या आत असते आणि जिचा पंखा तळाखाली, मागच्या कडेपासून आत असतो. आउटबोर्ड इंजिनाचा किंवा स्टर्नड्राइव्हचा पंखा बोटीच्या मागच्या कडेच्याही बाहेर फिरत असतो आणि पुढच्या बाजूला पडलेले मूल थेट त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. तारकर्लीला किंवा कळंगुटला बनाना राईडसाठी वापरतात त्या बोटींचे इंजिन असेच मागे बाहेर लटकलेले असते. तिकडची भाचरे माझ्या मुलांचे व्हिडिओ पाहून ‘आपणही करून बघू’ म्हणतात, तेव्हा मी त्यांना सांगते की लांब दोराने ओढले जाणे वेगळे आणि बोटीच्या पाठीशी राहून लाट धरणे वेगळे. त्या बोटीमागे हा खेळ करायचाच नाही. 2015 साली व्होल्वो पेंटाने पंख्यांचे तोंड पुढच्या दिशेला असलेला फॉरवर्ड ड्राइव्ह बाजारात आणला आणि पुढे मर्क्युरीनेही तशी सोय दिली. त्यात पंखे तळाखाली येतात, म्हणून अपवाद म्हणून असे इंजिन असलेल्या आणि या खेळासाठीच बांधलेल्या बोटी चालतात. बोट भाड्याने घेत असाल तर ‘आम्ही सगळे हिच्यामागेच सर्फ करतो’ या आश्वासनावर विसंबू नका. धक्क्यावर उभे असतानाच मागे जाऊन, वाकून, पंखा कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि संथ चालणाऱ्या बोटीच्या मागे हवेचा जो पोकळ पट्टा तयार होतो त्यात तो साचून राहतो. वारा मागून असला तर तोच धूर बोटीत शिरतो. कॅलिफोर्नियात 2005 पासून चालत्या बोटीच्या मागच्या फळीला (पाण्यात चढ-उतर करण्यासाठी मागे बसवलेल्या सपाट जागेला) धरून पाण्यातून ओढले जाण्यावर कायद्याने बंदी आहे, ती याच वायूने झालेल्या मृत्यूंनंतर. अलीकडच्या अमेरिकी इनबोर्ड इंजिनांना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतात आणि काही बोटींना धूर पाण्याखाली सोडणारी नळीही बसवता येते. त्यामुळे प्रमाण घटते, पण ते शून्य होत नाही. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, म्हणून त्यांच्यावर परिणामही लवकर होतो. फसगत इथेच होते, कारण डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे आणि उगाच झोप येणे ही या विषबाधेची लक्षणे आहेत आणि आपल्याकडे हीच लक्षणे ‘बोट लागली’ या एका वाक्यात गुंडाळून मुलाच्या हातावर आलेपाकाची वडी ठेवण्याची पद्धत आहे. आमच्या बोटीवर मुलाने डोके दुखते असे म्हटले की इंजिन बंद होते, मूल पुढच्या मोकळ्या हवेत बसते आणि त्याचा त्या दिवसाचा सराव संपतो. थोड्या वेळात पूर्ण बरे वाटले नाही तर 911 ला फोन करायचा हे आधीच ठरलेले आहे. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणीही बसायचे नाही, पाय सोडूनही नाही, फोटोपुरतेही नाही. पाहुण्यांना हा नियम सर्वांत जाचक वाटतो, कारण ती बोटीवरची सर्वांत छान जागा दिसते.

आता माणसांविषयी. आमच्या वडिलांच्या पिढीला पोहायला शिकवताना पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत ढकलून देत असत आणि ती मंडळी आजही मोठ्या अभिमानाने ती हकिकत सांगतात. त्यातला डबा आपण घ्यावा आणि ढकलणे तिथेच सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेकसर्फिंगमध्ये घाबरलेले मूल दोर सोडायचे विसरते, अंग ताठ करते आणि तोंड उघडे ठेवून पडते. स्वतःहून ‘मला करायचे आहे’ म्हणणाऱ्या मुलालाच पाण्यात उतरवावे आणि दोर हातात घेतल्यावरही ते ‘नको’ म्हणाले तर कारण न विचारता वर घ्यावे. वयाची ठाम मर्यादा सांगता येत नाही. लाइफ जॅकेट घालून खोल पाण्यात ते शांत तरंगू शकते का, तोंडावर पाणी आले तरी रडत नाही का, आणि काही अंतरावरून सांगितलेली सूचना ऐकून तसे करते का, या तीन गोष्टी मी पाहते. बहुतेक मुलांत त्या पाचव्या ते सातव्या वर्षांच्या दरम्यान जुळून येतात. जॅकेट आहे म्हणून पोहणे शिकवायचे राहिले तरी चालेल, असा मात्र कोणी अर्थ काढू नये.

बोट चालवण्याचे काम आमच्याकडे बहुतेक वेळा माझे यजमान करतात आणि मी पाण्यात असते. चालवणाऱ्याची दृष्टी पुढे असली पाहिजे. त्याने मागे वळून मुलाचे कौतुक करायचे नाही. मागे पाहण्याचे काम स्वतंत्र माणसाचे. मिनेसोटाच्या कायद्यानुसार अशा वेळी बोटीत एक निरीक्षक किंवा मागचे रुंद दृश्य दाखवणारा आरसा असावा लागतो, पण मूल लहान असताना केवळ आरशावर भागवणे मला मान्य नाही. निरीक्षक प्रौढ असावा, त्याच्या हातात फोन आणि खाण्याचा डबा यांपैकी काहीही नसावे आणि मूल पाण्यात असेपर्यंत त्याने नजर हलवू नये. उन्हाळ्यात माझ्या सासूबाई साताऱ्याहून येतात, त्यांना पोहता येत नाही, बोटीतले ओ की ठो कळत नाही, पण मागच्या बैठकीवर उलट्या तोंडाने बसून त्या नातीवर जशी नजर ठेवतात तशी ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. ती पडली की त्यांचे ‘पडली!’ इतक्या खणखणीत आवाजात येते की गाणी कितीही मोठ्याने लावलेली असोत, चालवणाऱ्याला ते ऐकू जातेच. (मूल पाण्यात असताना गाणी खरे तर बंदच असावीत.) दोर ओढून घेणे आणि हातांच्या खुणा वाचणे यांसाठी त्यांच्या शेजारी आणखी एक जण असतो. खुणा ठरलेल्या आहेत: अंगठा वर म्हणजे थोडा वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, गळ्यासमोरून आडवा हात म्हणजे थांबा, आणि पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर म्हणजे मी ठीक आहे. ही शेवटची खूण मुलाला सर्वांत आधी शिकवावी आणि ती दिसली नाही तर काहीतरी बिघडले आहे असेच धरून चालावे.

लाइफ जॅकेटवर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण बहुतेक घरांत ते ‘पुढच्या वर्षीही होईल’ या हिशेबाने एक माप मोठे घेतलेले असते. अमेरिकेत तटरक्षक दलाची मान्यता असलेली मुलांची जॅकेटे वजनानुसार मिळतात: साधारण 14 किलोपर्यंत तान्ह्यांचे, 14 ते 23 किलो लहान मुलांचे आणि 23 ते 41 किलो त्याहून मोठ्या मुलांचे. मिनेसोटात चालत्या बोटीवर दहा वर्षांखालील मुलांना जॅकेट बंधनकारक आहे आणि जिथे राज्याचा स्वतःचा नियम नाही तिथे संघीय नियमानुसार तेरा वर्षांखालील मुलांना ते घालावे लागते. पाण्यात उतरणाऱ्याच्या बाबतीत तर वयाचा प्रश्नच नाही. दुकानात स्टायलिश दिसणारी काही पातळ जॅकेटे स्पर्धेसाठीची असतात आणि त्यांना ही मान्यता नसते, म्हणून आतला छापील शिक्का वाचावा. फुगवायची जॅकेटे या खेळासाठी नसतातच. जॅकेट घातल्यावर सगळी बकले लावून मुलाला हात वर करायला सांगावे आणि दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरून ते सरळ वर उचलून पाहावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले किंवा हनुवटी आत गेली तर ते मोठे आहे, आणि पाण्यात पडताना ते नेमके तसेच वर सरकून मुलाचे नाक-तोंड झाकते. अगदी लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो. तो टोचतो म्हणून मुले सोडून ठेवतात, तो लावलाच पाहिजे. रंग नारिंगी, पिवळा किंवा भडक गुलाबी घ्यावा. निळे किंवा हिरवे जॅकेट तलावाच्या पाण्यात हरवते आणि दुसऱ्या बोटीवरून येणाऱ्या माणसाला पाण्यातले मुलाचे डोके एरवीही नारळाएवढेच दिसत असते.

पाण्यात उतरण्याआधी गळ्यातली साखळी, हातातल्या बांगड्या, मनगटातला काळा दोरा आणि पोहण्याच्या कपड्यांना लोंबणाऱ्या नाड्या यांचा बंदोबस्त करावा. लांब केसांची घट्ट वेणी घालावी. सनस्क्रीन लावले असेल तर तळहात टॉवेलने कोरडे पुसावेत, नाहीतर हँडल हातातून निसटते आणि मुलाला वाटते की आपल्यात ताकद नाही.

पहिला धडा हिरवळीवर होतो आणि तो मी कधीही वगळत नाही. मूल पाठीवर झोपते, गुडघे छातीशी घेते, टाचा बोर्डच्या कडेवर ठेवते आणि मी दोराचे हँडल धरून हळूच ओढते. त्याला उभे राहायची घाई असते. ते हात वाकवून हँडल छातीकडे खेचू लागते. हात सरळ ठेव, गुडघे वाकलेले ठेव, आणि दोर तुला उचलेपर्यंत काहीही करू नको, एवढेच मी पुन्हा पुन्हा सांगते. त्याचबरोबर कोणता पाय पुढे येतो ते कळते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला बोटीच्या डाव्या मागच्या बाजूची लाट सोयीची, कारण तिथे त्याचे तोंड लाटेकडे राहते. उजवा पाय पुढे असेल तर उजवी बाजू. पाण्याच्या पिशव्या त्याप्रमाणे भरायच्या असल्याने हे धक्क्यावरच ठरलेले बरे. बोर्ड स्पंजासारख्या मऊ पृष्ठभागाचा आणि मुलाच्या मानाने थोडा रुंद असावा, खालची पाती मऊ असावीत. दोर वेकसर्फिंगचाच, जाड आणि तरंगणारा असावा. स्कीइंगच्या बारीक दोराचा आणि मोठ्या त्रिकोणी हँडलचा इथे उपयोग नाही, कारण त्या त्रिकोणातून लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आत जाऊ शकतो. दोर मनगटाला किंवा बोटांना कधीही गुंडाळायचा नाही. सुरुवातीला मी तो सहा मीटरांच्या आसपास ठेवते. लाट तिथे कमी उंच असते, धूर कमी असतो आणि मूल फळीपासून लांब राहते.

हिरवळीवरच पडणेही शिकवते. बोर्डवरून उडी मारायची नाही आणि हात पुढे टेकायचे नाहीत. दोर सोडायचा, लाटेपासून दूरच्या बाजूला पाठीवर किंवा कुशीवर आडवे व्हायचे, लगेच दोन्ही हातांनी डोके झाकायचे, कारण सुटलेला बोर्ड लाटेवरून परत येऊ शकतो, आणि मग डोके वर काढून ठीक असल्याची खूण करायची. नंतर तलावात, इंजिन बंद असताना, मागच्या फळीवरून असे पडून दाखवायचे. मुलांना हा भाग फार आवडतो. पडण्याची भीती गेलेले मूल उभे राहायला फारसा वेळ घेत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मग प्रत्यक्ष सुरुवात. पिशव्या निम्म्याही भरायच्या नाहीत, कारण वीस-बावीस किलोच्या मुलाला मोठी लाट लागतच नाही. काही पालक स्वतःच्या बोर्डवर मुलाला पुढे उभे करून नेतात, आणि फोटोत ते फार सुंदर दिसते. मला ते पटत नाही, कारण दोघे पडतात तेव्हा मोठा माणूस बहुधा मुलावरच पडतो. त्यापेक्षा मी पाण्यात मुलाच्या मागे तरंगत राहते, त्याच्या जॅकेटच्या पाठीला एक हात आणि बोर्डच्या खाली दुसरा हात देते. त्याचा श्वास सावकाश होईपर्यंत बोट हलत नाही. ते स्वतः ‘चला’ म्हणाले की निरीक्षक तोच शब्द पुढे पोहोचवतो, चालवणारा बोट फक्त गिअरमध्ये टाकतो, दोर ताणला जातो, आणि त्यानंतरच तो अगदी सावकाश वेग वाढवत ताशी 13 ते 15 किलोमीटरपर्यंत नेतो. मोठ्या माणसाला उचलण्यासाठी देतात तसा झटका मुलाला दिला तर हँडल हातातून जाते किंवा ते तोंडावर आपटते. या पद्धतीत पाण्यात दोन माणसे असतात हे विसरून चालत नाही. बोट मुलाला घेऊन पुढे जाते आणि मी मागे राहते, म्हणून पहिल्या फेऱ्या सरळ आणि अगदी लहान ठेवाव्यात आणि बोटीवरच्या एकाने माझ्याकडेही लक्ष ठेवावे.

उभ्या राहिलेल्या मुलाला एकच तंत्र कळले तरी पुरते: पुढच्या पायावर भार दिला की बोर्ड वेग घेतो आणि मागच्या पायावर दिला की तो मंदावतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा, कारण उत्साहाच्या भरात पुढे झुकलेले मूल बघता बघता फळीजवळ येते. अशा वेळी निरीक्षकाने ‘मागचा पाय!’ असे ओरडावे. चालवणाऱ्याने मात्र घाबरून वेग एकदम तोडू नये. बोट अचानक थांबली तर लाटेने पुढे ढकललेले मूल तिच्यावरच येऊन आदळते. वेग तसाच ठेवला तर ते मागे पडते किंवा पाण्यात पडते आणि दोन्ही परवडतात.

मूल पडल्यानंतरची दोन मिनिटे या संपूर्ण खेळात सर्वांत जोखमीची असतात, आणि नवखे चालक नेमके तिथेच चुकतात. आपले मूल पाण्यात एकटे आहे या काळजीने ते बोट भरधाव गर्रकन वळवतात. त्याने बोटीच्या लाटा एकमेकींवर आदळून मुलाच्या तोंडावर फुटतात आणि पुढच्या बैठकीवर कोणी बसलेले असेल तर स्वतःच्याच लाटेचे पाणी बोटीत शिरते. पाण्याच्या पिशव्यांनी आधीच जड झालेली बोट असे पाणी घेते तेव्हा ती धोकादायक वेगाने खाली बसते, म्हणून लहान मुलांना पुढच्या भागात बसवून सर्फिंगच्या फेऱ्या मारू नयेत आणि क्षमतेच्या पाटीवरच्या वजनात त्या पिशव्यांचे पाणीही धरावे. योग्य रीत अशी की आधी वेग हळूहळू कमी करायचा, मागून येणारी लाट बोटीखालून निघून जाऊ द्यायची, आजूबाजूला दुसरी बोट येत नाही ना ते पाहायचे आणि मग रांगत्या वेगाने वळायचे. मुलाजवळ जाताना ते नेहमी चालकाच्या बाजूला ठेवायचे, म्हणजे ते क्षणभरही त्याच्या नजरेआड होत नाही. मूल बोटीच्या लांबीएवढ्या अंतरावर आले की इंजिन बंद करायचे. न्यूट्रलमध्ये ठेवणे म्हणजे बंद करणे नव्हे; पंखा अजून फिरत असू शकतो आणि कोणाच्या कोपराचा धक्का लागून गिअर पडू शकतो. किल्ली फिरवलेली आहे हे चालक मोठ्याने सांगतो, आमच्याकडे ‘बंद!’ एवढाच शब्द, आणि तो ऐकल्याशिवाय मुलाने फळीला हात लावायचा नाही हे मुलांनाही पाठ आहे. मुलाच्या दिशेने बोट मागे घेणे कोणत्याही कारणाने करायचे नाही. अंतर चुकले तर पुन्हा एक फेरी घ्यावी. चालक नवशिका असेल तर त्याला आधी रिकामे जॅकेट पाण्यात टाकून ते उचलण्याचा सराव द्यावा.

जूनमध्ये आमच्या तलावाचे पाणी गारच असते आणि मुले थंडीने कुडकुडत असली तरी ‘अजून एकदा’ म्हणणे थांबवत नाहीत. ओठ निळसर दिसले किंवा हँडलवरची बोटे आखडून सुटेनाशी झाली की सराव थांबवावा. थकलेल्या हातांनी केलेली शेवटची फेरीच बहुधा वाईट पडण्याची असते. पातळ वेटसूट असेल तर उत्तम.

जागा निवडताना किनारा आणि खोली दोन्ही पाहावी. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 साली केलेल्या अभ्यासात वेकसर्फिंगच्या लाटा साध्या बोटींच्या लाटांइतक्या सौम्य व्हायला पाचशे फुटांहून अधिक अंतर लागते असे दिसले, आणि व्हर्मॉंट राज्याने 2024 पासून या बोटींना किनाऱ्यापासून पाचशे फूट आणि किमान वीस फूट खोल पाण्याची अट घातली. या वादात किनाऱ्यावर राहणाऱ्यांची बाजू मला बरीचशी पटते. त्यांचे धक्के आणि काठाची माती दोन्ही हलतात. मुलांच्या दृष्टीनेही मोकळे, खोल पाणीच चांगले, कारण काठाला आपटून परतलेल्या लाटांनी पाणी खडबडीत होते. शनिवारी दुपारी आम्ही शिकवायला जातच नाही. सकाळी लवकर, वारा आणि गर्दी नसताना जातो.

दोर सोडण्याविषयी पालकांना नको इतकी उत्सुकता असते. दोर सैल पडू लागला, म्हणजे त्याचा मधला भाग पाण्याला टेकतो आहे आणि तरीही मूल मागे पडत नाही, असे दिसले की लाट त्याला ढकलू लागली आहे असे समजावे. आधी एक हात सोडू द्यावा. नंतर हँडल लाटेच्या विरुद्ध बाजूला टाकायला सांगावे, आणि निरीक्षकाने तो दोर त्याच क्षणी ओढून बोटीत गोळा करावा, कारण पाण्यात राहिलेला दोर मुलाच्या पायात अडकू शकतो किंवा पंख्यात जाऊ शकतो. लाट सुटून मूल मागे पडू लागले तर त्याच्याकडे दोर पुन्हा फेकू नये. त्याला सावकाश पाण्यात बसू द्यावे आणि वर सांगितल्याप्रमाणे जाऊन घ्यावे. माझ्या धाकटीने पहिला पूर्ण उन्हाळा दोर सोडला नाही आणि आम्ही तिला तो सोडायला सांगितलेही नाही. पुढच्या वर्षी तिने तो न विचारताच टाकला, तेव्हा सासूबाईंच्या शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्याने तो लगेच आत ओढून घेतला.